एक वीत आधी

यल्लाप्पा चौदा वर्षं क्रेनच्या केबिनमध्ये बसत आला होता आणि त्या चौदा वर्षांत त्याला तिथं कधी भीती वाटली नव्हती. भीती वाटली ती एका कागदाची. १९९६ सालच्या जानेवारीत होसकोट्याच्या त्यांच्या ओतकामाच्या कारखान्यात हजेरीच्या खिडकीशेजारी नोटीस लागली. परदेशी गिऱ्हाइकांना क्वालिटीचं सर्टिफिकेट दाखवायचं होतं, म्हणून मार्चअखेर प्रत्येक क्रेन ऑपरेटरनं लेखी परीक्षा पास व्हायची. जो नापास होईल त्याला खाली वाळू चाळायला पाठवणार. नोटीस कन्नडमध्ये होती, खाली अभ्यासाच्या धड्यांची यादी. पहिल्या धड्याचं नाव वाचून यल्लाप्पाला 'बल' तेवढं कळलं, 'वेगोत्कर्ष', म्हणजे मराठीतलं त्वरण, कळलं नाही. दहावीला तो गणितात दोनदा बसला होता आणि दोनदा नापास झाला होता. त्याला आता सव्वीस वर्षं होऊन गेली होती.

तो मूळचा निपाणीकडचा. शाळा मराठी, बाजार कन्नड. मेहुण्याच्या आधारानं बेंगळुरात आला आणि जे. पी. नगरला लागून असलेल्या सारक्कीत दोन खोल्यांत राहिला. पहाटे कंपनीची बस त्याला उचलायची आणि चारला परत आणून सोडायची. बायको, भागुबाई, ज्वारीच्या भाकऱ्या करून आजूबाजूच्या बंगल्यांतून द्यायची. नवऱ्यानं तीन दिवस ताटातली भाकरी अर्धी टाकली तेव्हा तिनं नोटिशीची गोष्ट त्याच्याकडून काढून घेतली आणि म्हणाली, "पुण्याच्या त्या बाई हायत की, सुचेताबाई. शाळेत फिजिक्सच शिकवत होत्या म्हणं."

"बाईमाणसाकडं शिकायला जाऊ? ह्या वयात?"

"मग वाळू चाळा," भागुबाई म्हणाली आणि परात धुवायला उठली.

सुचेता तिशीची होती. नवरा पद्मनाभ कॉम्प्युटरच्या कंपनीत, सकाळी गेला की रात्रीच यायचा. पुण्यात ती सहा वर्षं शाळेत शिकवत होती. इथं कन्नड येत नाही म्हणून कुठं नोकरी मिळेना. यल्लाप्पा संध्याकाळी पाचला चपला बाहेर काढून, हातात पोराची जुनी वही घेऊन तिच्या दारात उभा राहिला, तेव्हा तिला तो भाकरीचे डबे न्यायला आलाय असंच वाटलं.

पहिल्या दिवशी तिनं सोपं उदाहरण घातलं. दहा किलोचं खोकं गुळगुळीत फरशीवर आहे, वीस न्यूटन बलानं ढकललं, तर त्वरण किती? यल्लाप्पानं पेन्सिल धरली. कान तापले. दहा आणि वीस हे दोन आकडे त्यानं लिहिले आणि त्यांच्याकडं बघत बसला. पंख्याची घरघर त्याला ऐकू येत होती. तळहाताला घाम सुटून वहीचं पान चिकटायला लागलं.

"बाई, हे काय माझ्या डोक्यात शिरत न्हाई बघा. उगं तुमचा वेळ जातोय."

"खोकं सोडा," सुचेता म्हणाली. "तुम्ही क्रेनवर काय उचलता?"

"लेडल. म्हंजे मोठं पातेलं हो, त्यात वितळलेलं लोखंड. भट्टीवरनं उचलायचं, साच्यावर न्यायचं, खाली सोडायचं. कधी नुसतं वजन करायचं असलं की हुकाला काटा अडकवतो. पण तो काटा खराब हाय."

"खराब कसा?"

"वजन उचलताना काटा आधी पुढं उडी मारतोय, मग माघारी येतोय. तीन टनाचा माल साडेतीन दाखवतो आणि मग तीनवर येतो. किती वेळा सांगितलं, कोण बदलत न्हाई."

सुचेता खुर्चीत पुढं सरकली. "यल्लाप्पा, काटा खराब नाहीये. तो बरोबर दाखवतोय."

मग तिनं स्वयंपाकघरातून स्प्रिंगचा काटा आणला, त्याला पिशवीत घालून दोन किलो बटाटे लटकवले आणि त्याच्या हातात दिला. हळू उचला म्हणाली. काटा दोनवर राहिला. आता झटक्यात उचला. काटा तीनच्या पुढं गेला आणि परत आला. त्यानं पुन्हा उचललं. पुन्हा. बटाट्यांचं वजन तर तेवढंच होतं. थांबलेल्या वस्तूला चालती करायची, वेग द्यायचा, तर जास्तीचं बल लागतं, आणि क्रेनवर ते तारांचा दोर सोसतो. ती वस्तुमानाला त्वरणानं गुणायला सांगत होती ते म्हणजे हे. रोज डोळ्यांनी बघितलेली गोष्ट वहीत उतरलेली पाहून यल्लाप्पाला पहिल्यांदा हसू आलं. खोक्याचं उत्तर त्यानं आपणहून लिहिलं: दोन.

तीन आठवडे बरे गेले. तो रोज यायचा, चहा घ्यायचा, चार उदाहरणं सोडवायचा. गुरुत्वत्वरणासाठी नऊ पूर्णांक आठ दशांशाऐवजी सुचेता दहा धरू द्यायची. फेब्रुवारीतल्या एका बुधवारी ती म्हणाली, "आज तुमच्याच क्रेनचं करू. लेडल किती टनांचं?"

"लोखंड चार टन, लेडल एक टन. क्रेनवर पाटीच हाय तांबडी, पाच टन."

"आणि खाली सोडताना वेग?"

त्यानं ते मोजून आणलं होतं. चार मीटर उतरायला दहा सेकंद. म्हणजे सेकंदाला चाळीस सेंटिमीटर. आणि थांबवायला किती वेळ लागतो असं विचारल्यावर यल्लाप्पा खुलला. सगळ्या कारखान्यात त्याचं नाव होतं ते त्याच गोष्टीसाठी. भरलेलं लेडल पूर्ण वेगानं खाली आणायचं आणि साच्यावर चार बोटं राहिली की हँडल मागं ओढून जागच्या जागी उभं करायचं. थेंब सांडायचा नाही. नवी पोरं बघायला यायची.

"वेळ कसला, बाई? हात थांबला की लेडल थांबलं." त्यानं चुटकी वाजवली.

"सेकंदाचा दहावा भाग धरू," सुचेता म्हणाली.

त्यानं लिहिलं. शून्य पूर्णांक चार भागिले शून्य पूर्णांक एक. त्वरण चार, वरच्या दिशेनं. दहा अधिक चार, चौदा. पाच हजार गुणिले चौदा. सत्तर हजार न्यूटन.

"म्हणजे दोराला किती टन वाटतात?"

"सात," यल्लाप्पा म्हणाला.

चहावर साय धरली. त्यानं गुणाकार पुन्हा केला. पुन्हा सातच आले. दिवसाला चाळीस खेपा, चौदा वर्षं.

सुचेताच्या लक्षात यायला थोडा उशीर झाला. ती घाईनं म्हणाली, "अहो, दोर बनवणारे बरीच जास्त ताकद ठेवतात. पाच टनांचा दोर सातला तुटत नाही. नवा असेल तर."

"नवा न्हाई," यल्लाप्पा म्हणाला. "हात फिरवला की चिंधी अडकतेय त्याला. तारा तुटून वर आल्यात."

तो वही तिथंच विसरून गेला.

दुसऱ्या दिवशी केबिनची लोखंडी शिडी तो एकेका पायरीवर थांबत चढला. तीस फुटांवरची ती पिंजऱ्यासारखी खोली, तिच्यातलं ते हँडल, सगळं तेच. पण खाली बघितलं की त्याला आधी कधी न दिसलेली गोष्ट दिसायची: लेडलच्या खाली माणसं होती. आप्पाजी होता, चाक फिरवून लेडल तिरकं करणारा, साठीला टेकलेला, कानात तुळशीचं पान खोचून येणारा. त्याच्या मागं साचे झाकणारे दोघं. चार टन तांबडंलाल लोखंड डोक्यावरून जाताना ते बिड्यांच्या आणि लग्नांच्या गोष्टी करत होते. यल्लाप्पानं लेडल उचललं आणि दोराची कुरकुर त्याच्या दातांत उतरली. तोही आवाज रोजचाच होता.

त्या दिवशी त्यानं लेडल इतकं हळू खाली आणलं की लोखंड निवायला लागलं. दोन साचे वाया गेले. सुपरवायझर नागराज खालून ओरडला, "बेगा, यल्लाप्पाण्णा, बेगा! लवकर! झोपलास काय?" शुक्रवारी तीन साचे गेले. शनिवारी एकदा मध्येच त्याचा हात हँडलवर आखडला आणि भरलेलं लेडल अधांतरी तसंच थांबलं. खालची माणसं वर बघायला लागली. यल्लाप्पाला श्वास घेता येईना. घाम डोळ्यांत उतरत होता आणि पुसायला हात सोडवत नव्हता. आप्पाजीनं खालून हाक मारली, "निधाना, तम्मा, निधाना," बाबा, सावकाश, म्हणून. त्या आवाजावर त्यानं कसंबसं खाली आणलं.

संध्याकाळी तो सुचेताकडं गेला तो बसलाच नाही. दारातच उभा राहून म्हणाला, "बाई, मला काय ठाऊक नव्हतं तेच बरं होतं. तुम्ही कशाला शिकवलंसा? हात चालत न्हाई माझा. उद्या मीच कुणाला तरी मारीन."

सुचेताचा चेहरा उतरला. गेल्या तीन रात्री तिलाही तो आकडा सतावत होता, पण ते तिनं सांगितलं नाही. "मलाही भीती वाटते," एवढंच म्हणाली. "पण गणित अर्धं राहिलंय, यल्लाप्पा. सात टन कशामुळे झाले ते काढलं. ते कमी कसे करायचे ते काढलंच नाही. या, बसा."

तो बसला, पण पेन्सिल घेईना. मग तिनंच त्याच्या विसरलेल्या वहीत लिहिलं. वेग तोच, चाळीस. थांबायला मात्र सेकंदाच्या दहाव्या भागाऐवजी अख्खा एक सेकंद घ्यायचा. त्वरण किती? त्यानं पेन्सिल उचलली.

"शून्य पूर्णांक चार," तो शेवटी म्हणाला.

"दोरावर?"

"बावन्न हजार. म्हंजे..." त्यानं मान वर केली. "सव्वापाचसुद्धा न्हाई?"

"पाच पूर्णांक दोन. आणि एका सेकंदात लेडल किती खाली येईल? सुरुवातीला चाळीसचा वेग, शेवटी शून्य. मधला वीस धरा."

"वीस सेंटिमीटर." त्यानं आपला पंजा टेबलावर पसरला, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत. जरा कमीच. "एक वीत."

"म्हणजे थांबायच्या जागेच्या एक वीत आधी वेग कमी करायला लागायचं. वरपासून हळू यायची गरज नाही. ती वीतभर जागा तुम्ही एरवी अर्ध्या सेकंदात उतरता, आता एका सेकंदात उतराल. अर्धा सेकंद जास्त. त्यानं लोखंड निवत नाही."

हँडलला पाच खाचा होत्या. एकदम पाचावरून शून्यावर न ओढता चार, तीन, दोन, एक अशा मोजायच्या. दोघांनी टेबलावर पेल्याला सुतळी बांधून ते वीस वेळा केलं. सुचेता तोंडानं सेकंद मोजत होती. जाताना ती म्हणाली, "पण दोर बदलून घ्या. हे गणित चांगल्या दोराचं आहे. तुमच्या दोराचं मला येत नाही."

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत हूक खाली टेकवून यल्लाप्पानं दोर डोळ्यांखालून घातला. एका वितीच्या लांबीत अकरा तारा तुटलेल्या होत्या. तो नागराजकडं गेला. नागराज वाईट माणूस नव्हता, पण सर्टिफिकेटवाल्यांची पहिली पाहणी, ऑडिट, दहा दिवसांवर आली होती आणि मॅनेजरसाहेब त्याला दिवसातून चारदा बोलावत होते. "ऑडिट झाल्यावर बघू," तो कन्नडमध्ये म्हणाला. "आता क्रेन दोन दिवस बंद ठेवली तर साहेब मला खाऊन टाकतील. चौदा वर्षं तुला तारा दिसल्या नाहीत, आता दिसायला लागल्या? परीक्षेची भीती वाटते तर सरळ सांग."

यल्लाप्पानं वही काढून सत्तर हजारांचं गणित दाखवलं. नागराजनं ते वाचलं नाही. पण त्याच्या कपाळावर आठी पडली. "स्वल्प धीर धर," तो म्हणाला आणि निघून गेला.

यल्लाप्पा वर चढला. न चढून करणार काय? त्याच्या जागी दुसऱ्या पाळीचा पोरगा बसला असता, आणि त्यानं यल्लाप्पाकडं बघूनच लेडल झटक्यात थांबवायला शिकून घेतलं होतं. हळूहळू हात चालायला लागला. पाच, चार, तीन, दोन, एक. साचे वाया जाईनात. नागराजचं ओरडणं थांबलं. वर केबिनमध्ये मात्र यल्लाप्पा प्रत्येक खेपेला दोराकडं बघायचा, आणि लेडल टेकेपर्यंत मनात आकडे मोजत राहायचा.

गुरुवारी सकाळी साडेदहाची खेप. मोठा साचा होता, जमिनीतल्या खड्ड्यात बसवलेला. आप्पाजी चाकाशी, दोघं मागं, नागराज स्वतः बाजूला उभा. यल्लाप्पानं लेडल साच्यावर आणलं, खाली सोडलं, आणि एक वीत राहिल्यावर पाचावरून चारवर आला. तीनवर येताना वर कुठंतरी घंटेवर हातोडा बसावा तसा आवाज झाला. लेडल एका बाजूला हिसका खाऊन चार बोटं खाली गेलं. काठावरून लोखंड उसळलं आणि वाळूवर पडून फुटलं.

दोराचा एक पेड सुटून वरच्या कप्पीजवळ फुलासारखा उलगडला होता. सहांतले पाच राहिले होते.

यल्लाप्पाच्या हाताला त्या क्षणी एकच गोष्ट ठाऊक होती, चौदा वर्षांची: हँडल मागं ओढ, थांबव. हात निघालाही. तो थांबला तो कसा, हे त्याला नंतर कधीच नीट सांगता आलं नाही. थांबवलं की सात, एवढंच डोक्यात होतं. त्यानं डाव्या हातानं धोक्याच्या घंटेची दोरी ओढून धरली आणि उजव्या हातानं, हिसका न देता, दोन, एक असं मोजत लेडल साच्याच्या जरा वर उभं केलं. घंटा घणघणायला लागली. खाली माणसं पळाली. नागराज आप्पाजीला दंडाला धरून ओढत होता. आप्पाजीच्या बुटावर लोखंड पडलं होतं आणि तो एका पायावर उड्या मारत होता.

साच्यावर लेडल टेकवलं तर ते कलंडणार. शेजारी मोकळ्या वाळूचा पट्टा होता, सहा फुटांवर. यल्लाप्पानं क्रेनची आडवी सरकणारी ट्रॉली एका खाचेवर घातली. लेडल झोके घ्यायला लागलं. तो मोठ्यानं आकडे मोजत होता, मराठीत, शाळेतल्यासारखे. बारा मोजेपर्यंत लेडल वाळूवर आलं. मग त्यानं ते हळू खाली सोडलं. दोन. एक. दोराची कुरकुर, मग आणखी एक तार तुटल्याचा बारीक आवाज. लेडल वाळूत रुतलं, दोर ढिला पडला, आणि त्यानं हँडल शून्यावर घेतलं.

त्याला शिडी उतरता येईना. दोघांनी वर जाऊन त्याला धरून खाली आणलं. खाली येताच तो भिंतीशी बसला आणि त्याला ओकारी झाली. आप्पाजीचा पाय घोट्याशी भाजला होता. त्याला दवाखान्यात नेताना तो यल्लाप्पाच्या डोक्यावर हात ठेवून गेला. नागराज तुटलेल्या पेडाखाली उभा होता, चेहरा राखेसारखा. दुपारी स्टोअरमधून नवा दोर आला. तो तिथं नोव्हेंबरपासून पडून होता, ऑडिटवाल्यांना स्टोअरमध्ये दाखवायला म्हणून राखून ठेवलेला.

संध्याकाळी यल्लाप्पानं हे सगळं सुचेताला सांगितलं. तिला आनंद होईल असं त्याला वाटलं होतं. ती पायरीवरच बसली, दोन्ही हात मांडीत घट्ट धरून.

"आप्पाजींचा पाय?"

"महिनाभरात बरा होईल म्हणालेत."

"आणि मी एक शून्य चुकवलं असतं तर?" ती म्हणाली. "मी पुण्यात सहा वर्षं हे शिकवलं. पोरं पाठ करायची, मी बरोबरची खूण करायची. त्या खुणेवर कुणाचा जीव टांगलेला नसायचा." तिचे डोळे भरून आले होते. यल्लाप्पा तिच्या स्वयंपाकघरात गेला आणि पाण्याचा तांब्या घेऊन आला.

परीक्षा मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात झाली. प्रश्न कन्नडमध्ये होते, यल्लाप्पानं गणितं मराठीत केली आणि उत्तरं कन्नडमध्ये लिहिली. शंभरापैकी त्रेपन्न गुण पडून तो पास झाला. भागुबाईनं सुचेताकडं पुरणपोळ्या पाठवल्या. नागराजनं त्याला बोलावून दुसऱ्या पाळीच्या पोराला तयार करायला सांगितलं, नजर मात्र रजिस्टरवरून वर केली नाही.

तो पोरगा पहिल्या दिवशी केबिनमध्ये आला तेव्हा यल्लाप्पा खुर्चीवरून उठला आणि त्याला बसू दिलं. पोरानं सफाईनं लेडल उचललं, नेलं, झपाट्यानं खाली सोडलं. यल्लाप्पाचा हात केबिनच्या गजावर आवळला गेला.

"अण्णा, तुम्हाला अजून भीती वाटते?" पोरानं मागं वळून विचारलं. त्याला गंमत वाटत होती.

"व्हय, वाटते," यल्लाप्पा म्हणाला. "तू पुढं बघ."